टाकायचं ते सांगून टाकावं
(प्रस्तावना)

संत्र्याच्या बागेचे सौदे सुरू झाले की वरूड तालुक्यात, जरूडपासून शेंदूरजना घाटपर्यंत, भावाची विचारपूस दिवसातून दोन-तीनदा होते. घरातलं शिकतं पोर मोबाइलवर कृषी पणन मंडळाचा तक्ता उघडतं आणि वाचायला लागतं: बाजार समिती अमुक, जात अमुक, परिमाण क्विंटल... तेवढ्यात ओसरीतून आवाज येतो, "बाकीचं ऱ्हाऊ दे बापू, भाव काय निंगाला थे सांग."

त्या तक्त्याच्या एका ओळीत सात गोष्टी असतात: बाजार समितीचं नाव, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. विचारणाऱ्याला हवी आहे सातवी. पहिल्या सहा पोराने वाचल्या तरी ऐकणारा त्या सोडून देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही हेच काम पदोपदी करावं लागतं. एखाद्या फंक्शनला हाक मारावी तर ते एकाऐवजी चार-सहा व्हॅल्यू हातात ठेवतं. त्यातली एक हवी असते, बाकीच्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ही पुस्तिका त्या 'बाकीच्यां'बद्दल आहे.

एवढ्याशा गोष्टीवर अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणालाही वाटेल. अंडरस्कोर टाकला की झालं, हे तर पायथन शिकवणारा कुठलाही क्लास पाच मिनिटांत सांगतो. ते खरंच आहे. पण टाकायचं कसं हे पाच मिनिटांत येतं, काय टाकू नये हे कळायला वेळ लागतो. चुकीचे आकडे दाखवणारे बरेचसे प्रोग्राम गणितात चुकलेले नसतात. त्यांनी एखादी व्हॅल्यू बिनमहत्त्वाची समजून सोडलेली असते, आणि उरलेल्या आकड्यांचा अर्थ नेमका तिच्यात असतो. या पुस्तिकेचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आधी साधी बाजू बघू. पायथनमध्ये फंक्शनने अनेक व्हॅल्यू परत केल्या की त्यांचं एक गाठोडं तयार होतं. त्याला टपल म्हणतात. ते गाठोडं एका ओळीत सोडवता येतं:

बाजार, प्रत, परिमाण, आवक, किमान, कमाल, दर = नोंद(ओळ)

ही ओळ समजुतीसाठी मराठीत उतरवलेली नाही. हा चालणारा पायथन आहे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून व्हेरिएबल आणि फंक्शन यांची नावं देवनागरीत ठेवता येतात. इंट हे फंक्शन तर '३०००' असं देवनागरी आकड्यांत लिहिलेलंसुद्धा बिनतक्रार वाचून त्याची संख्या करतं. म्हणून या पुस्तिकेत उदाहरणांतली नावं मराठी ठेवली आहेत. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीत राहतात, त्याला इलाज नाही.

आता फक्त दर हवा असेल तर तीच ओळ अशी होते:

_, _, _, _, _, _, दर = नोंद(ओळ)

सहा अंडरस्कोर. पायथनच्या नियमाप्रमाणे अंडरस्कोर हे इतरांसारखंच एक नाव आहे, त्यात व्हॅल्यू खरोखर जाऊन बसते आणि पुढची आली की मागची पुसली जाते. 'याकडे लक्ष देऊ नका' हा अर्थ त्याला प्रोग्रामर मंडळींनी दिला आहे. पायलिंटसारखी तपासनीस साधनंही हा संकेत पाळतात. एखादं नाव ठेवून वापरलं नाही तर ती तक्रार करतात, अंडरस्कोरबद्दल करत नाहीत.

पंगतीत अजून न आलेल्या पाहुण्याचंही पान मांडून ठेवतात, कारण ते काढलं तर पुढचे सगळे एकेक जागा सरकतात. अंडरस्कोरचं काम तेच. तो व्हॅल्यू बाजूला सारतो, पण तिची जागा राखतो. जागा राखल्याने एक फायदा फुकट मिळतो. उद्या तक्त्यात आठवा रकाना आला, तर सात जागांची ही ओळ तिथल्या तिथे थांबते आणि पायथन सांगतो की सोडवायला अपेक्षेपेक्षा जास्त व्हॅल्यू आल्या आहेत. असा थांबलेला प्रोग्राम चुकीचा भाव सांगणाऱ्या प्रोग्रामपेक्षा कधीही परवडला.

सहा अंडरस्कोर मोजत बसायचा कंटाळा आला तर दुसरी वाट आहे. तीही पायथन ३.० मध्येच आली:

बाजार, *_, दर = नोंद(ओळ)

पहिली व्हॅल्यू बाजारात, शेवटची दरात, मधलं जे काही असेल ते चांदणीच्या मागे. दिसायला सुटसुटीत. पण पंगतीचा हिशेब इथे सुटला. आठवा रकाना तक्त्याच्या शेवटी जोडला गेला, समजा 'शेरा', तर ही ओळ थांबणार नाही. ती शेऱ्यालाच दर समजून पुढे जाईल. टंकायला सोपी आणि वाचायला स्वच्छ असलेली ओळ नेहमीच भरवशाची असते असं नाही. पहिल्या प्रकरणात या दोन पद्धतींची तुलना आहे. कुठली कधी वापरावी याचा निर्णय वाचकाने स्वतः घ्यावा, अशी ते प्रकरण लिहिताना इच्छा होती.

ही अडचण एकट्या पायथनची नाही. प्रत्येक भाषेला ती सोडवावी लागली, आणि प्रत्येकीच्या उत्तरात तिचा स्वभाव दिसतो. सी भाषेतलं प्रिंटएफ फंक्शन किती अक्षरं छापली हा आकडा परत करतं. तो कुणी बघत नाही, आणि सी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कॉमन लिस्पमध्ये भागाकाराचं फ्लोअर फंक्शन भागाकार आणि बाकी अशा दोन्ही व्हॅल्यू देतं. मागितली नाही तर बाकी गुपचूप गळून जाते. मॅटलॅबने २००९ पासून नको असलेल्या जागी टिल्ड म्हणजे नागमोडी रेघ लिहायची सोय केली. यादीतली सगळ्यात मोठी संख्या नको, ती कितव्या जागी आहे एवढंच हवं, अशा वेळी ती कामी येते. जावास्क्रिप्ट तर चिन्हही मागत नाही. दोन स्वल्पविरामांमधली मोकळी जागा हाच तिथला अंडरस्कोर: [, , दर] असं लिहिलं की पहिल्या दोन व्हॅल्यू सुटल्या. जावाची गोष्ट गमतीची आहे. २०१७ च्या जावा ९ ने अंडरस्कोर हे एकट्याने नाव म्हणून वापरायला बंदी घातली, आणि मार्च २०२४ च्या जावा २२ ने तेच चिन्ह 'बिननावाचं व्हेरिएबल' म्हणून अधिकृतपणे परत आणलं.

गो भाषा याबाबत सगळ्यात कडक. गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी घडवलेली ही भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात फंक्शनच्या आत नाव ठेवून ते वापरलं नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. टाकायचं असेल तर अंडरस्कोर लिहूनच टाकावं लागतं, आणि तिथला अंडरस्कोर खरोखर रिकामा असतो. त्यात गेलेली व्हॅल्यू परत वाचता येत नाही. मराठी वाचकासाठी एक टीप: गो नावात अक्षरं चालवते, पण काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे 'दर', 'आवक', 'बघ' ही नावं तिला चालतात, 'किमान' चालत नाही. गोची उदाहरणं म्हणूनच अशा बिनमात्रेच्या शब्दांत दिली आहेत.

गोवर थोडं थांबायला हवं, कारण पुस्तिकेचा गाभा इथून सुरू होतो. गोमध्ये बरीच फंक्शनं दोन व्हॅल्यू देतात: एक उत्तर, आणि दुसरी एरर, म्हणजे काम नीट झालं की नाही याची खबर. घाईत असलेला माणूस लिहितो:

दर, _ := बघ(ओळ)

समजा 'बघ' हे फंक्शन ओळीतला दर वाचून त्याची संख्या करतं. एखाद्या दिवशी त्या रकान्यात आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ असेल, तर गोचं संख्या करणारं नेहमीचं फंक्शन उत्तर म्हणून शून्य देतं आणि 'ही संख्या नव्हती' ही खबर एररमध्ये ठेवतं. आपण एरर अंडरस्कोरला दिली. हातात राहिलं शून्य. तीन दिवसांचे दर ३०००, रेघ आणि ३२०० असे असतील (आकडे समजुतीपुरते), तर खरी सरासरी दोन दिवसांची, म्हणजे ३१००. प्रोग्राम सांगेल २०६७. तो कुठेही अडखळणार नाही, लाल अक्षरं दाखवणार नाही. ओसरीतल्या माणसाला मात्र क्विंटलमागे हजार रुपयांनी भाव पडला असं वाटेल, आणि त्या समजुतीवर बागेचा सौदा होऊन जाईल. रस्ट भाषा अशा चुकीबद्दल सावध करते. तिच्यात यशापयशाची खबर देणारी व्हॅल्यू न बघता सोडली तर कंपायलर इशारा देतो, आणि मुद्दाम सोडायची असेल तर तसं लिहून द्यायला लावतो.

अशा व्हॅल्यूला या पुस्तिकेत 'साक्षीची व्हॅल्यू' म्हटलं आहे. ती स्वतः उत्तर नसते. दुसऱ्या व्हॅल्यूवर किती भरवसा ठेवायचा ते ती सांगते. एरर ही उघड साक्ष झाली, पण बऱ्याचशा साक्षी रकान्यांच्या गर्दीत लपलेल्या असतात. पणन मंडळाचा तक्ता उदाहरणासाठी घेतला तो याच कारणाने.

तसं बाजारभावाच्या नोंदीशी वऱ्हाडाचं नातं जुनं आहे. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून १८८६ सालच्या कारंज्याच्या कापूस बाजाराचं नाव घेतलं जातं, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आज बाजार समित्यांचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो राज्याचा कायदा १९६३ चा, पणन मंडळ १९८४ चं आणि केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट २००० चं. एवढ्या काळात तक्त्याला जे रकाने आले ते कुणीतरी गरज पडली म्हणून आणले आहेत. प्रोग्राममध्ये आपण ते एका फटक्यात अंडरस्कोर करतो, तेव्हा ती गरज काय होती हे विचारायला हवं.

परिमाणाचा रकाना घ्या. संत्र्यापुढे बहुधा 'क्विंटल'च असतं, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. तोच प्रोग्राम कोथिंबिरीवर चालवा. काही बाजार कोथिंबिरीचा दर क्विंटलने देतात, काही नगाने, म्हणजे जुडीवर. परिमाण टाकून नुसते दर एका खाली एक मांडले तर एका बाजारात कोथिंबीर सोन्याच्या मोलाची आणि दुसऱ्यात मातीमोल दिसते. दोन्ही आकडे खरे असतात. मात्र शेजारी शेजारी ठेवताच ते खोटे होतात.

आवकेचंही तसंच. तीन क्विंटल माल आलेल्या दिवसाचा सर्वसाधारण दर आणि तीनशे क्विंटल आलेल्या दिवसाचा दर, दोन्ही तक्त्यात सारख्याच अक्षरांत छापलेले असतात. पहिला म्हणजे जेमतेम एखाद-दुसऱ्या गाडीचा सौदा, दुसरा म्हणजे बाजार. सरासरी काढताना आवक टाकली तर दोघांना सारखाच मान मिळतो. आणि संत्र्याच्या बाबतीत तारीखही साक्षीला उभी असते. अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तारीख न बघता वर्षाची एकच सरासरी काढली, तर ती ना अंबियाच्या कामाची ना मृगाच्या.

साक्षीची व्हॅल्यू किती किरकोळ दिसू शकते याचा नमुना पायथनमध्येच आहे. २००६ च्या पायथन २.५ मध्ये पार्टिशन नावाची सोय आली. दिलेल्या खुणेवर ती मजकूर तोडते आणि तीन तुकडे देते: खुणेच्या आधीचा, खूण आणि नंतरचा. पणन मंडळाच्या तक्त्यात 'अमरावती- फळ आणि भाजीपाला' असं बाजाराचं नाव येतं. ते आडव्या रेघेवर तोडलं की 'अमरावती', '-' आणि उरलेला मजकूर मिळतो. मधला तुकडा काय असणार हे आपण स्वतःच सांगितलं होतं, मग तो कशाला ठेवायचा? म्हणून जवळपास सगळेजण त्याला अंडरस्कोर देतात. आता 'वरूड' हे नाव तोडून बघा. त्यात रेघ नाही. पार्टिशन तक्रार करत नाही. ते 'वरूड' आणि दोन रिकामे तुकडे देतं. खूण सापडली की नाही हे नेमकेपणाने सांगणारा तुकडा एकच आहे, तो मधला. तिसरा तुकडा रिकामा असण्याचे अर्थ दोन होतात: खूण नव्हती, किंवा खुणेनंतर काही लिहिलेलंच नव्हतं. फरक सांगणारा साक्षीदार आपण पहिल्याच ओळीत घालवलेला असतो.

याचा अर्थ सगळंच सांभाळून ठेवावं असा मुळीच नाही. तेही वाईट. सात नावं ठेवून एकच वापरलं, तर पुढे ती ओळ वाचणारा उरलेली सहा कुठे लागतात ते शोधत बसतो. टाकण्यातही प्रामाणिकपणा असतो: 'मी हे पाहिलं आणि मला नको आहे' असं अंडरस्कोर वाचणाऱ्याला सांगतो. काय टाकलं तेही सांगायचं असेल तर _परिमाण असं लिहावं. पुढे अंडरस्कोर असलेलं नाव म्हणजे व्हॅल्यू ओळखीची आहे, पण इथे वापरायची नाही. सहा सारख्या अंडरस्कोरांपेक्षा असं एक नाव सहा महिन्यांनी जास्त उपयोगी पडतं.

मराठीत संदेश दाखवणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यायची आहे. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या सोयीत मजकुराचं भाषांतर आणून देणाऱ्या फंक्शनचं नाव प्रथेने अंडरस्कोरच असतं, आणि जँगो वापरणारेही तीच प्रथा पाळतात. तेव्हा _("सर्वसाधारण दर") हे तिथे भाषांतर मागणं असतं. त्याच फंक्शनमध्ये वर कुठे नको असलेली प्रत आपण अंडरस्कोरमध्ये टाकली असेल, तर तो आता भाषांतर करणारा राहिलेला नसतो. त्यात संत्र्याची जात बसलेली असते, आणि मजकुराला फंक्शनसारखी हाक मारता येत नाही म्हणून पायथन थांबतो. अशा ठिकाणी दोन जोडलेले अंडरस्कोर किंवा _प्रत यांसारखं नाव वापरावं. नवशिक्याचे तास खाणाऱ्या अडचणींपैकी ही एक आहे, म्हणून तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

शेवटच्या प्रकरणात उलट बाजूने विचार केला आहे. फंक्शन वापरणाऱ्या प्रत्येकाला पाच-सहा अंडरस्कोर लिहावे लागत असतील, तर दोष वापरणाऱ्याचा नसतो. लिहिणाऱ्याने नको तेवढं एका गाठोड्यात बांधलेलं असतं. पायथनचं फाइलची माहिती देणारं स्टॅट फंक्शन दहा व्हॅल्यूंचं टपल म्हणून वापरता येतं. पण दहा जागा मोजायला लावण्याऐवजी ते प्रत्येक व्हॅल्यू नावानेही देतं, आणि आता लोक नावानेच मागतात. आपल्या फंक्शनलाही हे करता येतं: २००८ पासून नेमटपल आहे, २०१८ च्या पायथन ३.७ पासून डेटाक्लास आहे. नोंद(ओळ).दर असं लिहिता आलं की अंडरस्कोरची गरजच उरत नाही, आणि परिमाण व आवक न टाकता, न अडवता, जागच्या जागी राहतात.

पुस्तिका लिहिताना डोळ्यांसमोर वरूड-मोर्शीकडचे बीसीए, बीएस्सीचे विद्यार्थी होते. ज्यांच्या घरी बाग आहे किंवा शेजारी आहे, ज्यांना तक्त्यातले रकाने तोंडपाठ आहेत, पण प्रोग्रामिंगच्या पुस्तकातली उदाहरणं परक्या दुकानांची आणि परक्या नोकरदारांची मिळतात. त्यांना व्हेरिएबल, फंक्शन आणि लूप एवढं ठाऊक असावं, जास्त अपेक्षा नाही. प्रकरणं क्रमाने वाचायला हवीत असंही नाही. ज्याला फक्त गोची भीती घालवायची आहे त्याने तिसऱ्यापासून सुरुवात करावी.

प्रत्येक प्रकरणाखाली थोडे सराव आहेत. सगळे जमले नाहीत तरी शेवटचा एक नक्की करावा: आपल्या जवळच्या बाजार समितीचा एका महिन्याचा तक्ता घ्यायचा, सर्वसाधारण दराची सरासरी काढायची, आणि जिथे जिथे अंडरस्कोर लिहिला तिथे शेजारी एका वाक्यात लिहायचं की ही व्हॅल्यू टाकली तर उत्तर का बदलत नाही. वाक्य लिहिता आलं तर खुशाल टाकावी. नाही आलं, तर तिला नाव द्यावं आणि ठेवून घ्यावं.

वरूड, जि. अमरावती